वारेबाई बोलतात तेव्हा

१

मेलेल्या बाईनं रेडिओवर हवामान सांगितलं आणि ते खरं ठरलं. आमच्या मंडळाला पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरी जास्त झोंबली.

झालं असं. सकाळी राजधानीहून साऱ्या किनाऱ्यासाठी एकच हवामानपत्र वाचलं जात होतं. समुद्र शांत, वारा मंद. बंदरात होड्या निघायच्या तयारीत होत्या. मध्येच खरखर झाली, राजधानीचा निवेदक अर्ध्या वाक्यात गप्प झाला आणि त्याच्या जागी एक बाई बोलू लागली. तिनं सांगितलं, वारा चढतोय, कोणीही होडी बाहेर काढू नका. आवाज बंदरातल्या पोराटोरांनीही ओळखला. तो वारेबाईंचा होता. रोज वारा सांगते म्हणून होडीवाल्यांनीच तिला हे नाव दिलं होतं. अडचण इतकीच की वारेबाई हिवाळ्यात वारल्या होत्या आणि त्यांच्या अंत्ययात्रेला सारं बंदर लोटलं होतं.

होड्या जागच्या जागी थांबल्या. दुपारी असा वारा सुटला की धक्क्यावरच्या शेडचं छप्पर उडून गेलं. होडीवाले बाहेर असते तर त्यातले किती परत आले असते, हे कोणी तोंडानं बोलत नव्हतं.

टपाल आणि प्रसारण हे पूर्वी एकच खातं होतं. नव्या कायद्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि दोघांच्या डोक्यावर आमचं नियामक मंडळ बसवलं. मंडळानं सगळ्यात आधी गावोगावची स्थानिक हवामानपत्रं बंद केली. राजधानीच्या प्रसारणात जो कोणी परवानगीशिवाय तोंड घालेल त्याची नोकरी जाणार, वर तुरुंग, आणि केंद्राचा परवाना रद्द. मी या मंडळाची चौकशी अधिकारी. भुतांवर माझा विश्वास नाही, पण भुतांचा माझ्यावर असावा, कारण असली प्रकरणं नेमकी माझ्याच गळ्यात पडतात.

केंद्राची इमारत दुमजली होती. खाली पोस्ट, वर रेडिओ, मध्ये एकच जिना. खाती वेगळी झाली म्हणून दोन गवंडी त्या जिन्याच्या मधोमध भिंत बांधत होते. अरुंद जिन्याची वाटणी झाल्यावर कोणत्याच बाजूनं धड माणूस जाणार नव्हता, पण आदेश तो आदेश. रेडिओकडची वाट विटांनी अडली होती, म्हणून मला पोस्टातून आत जावं लागलं. तिथे खिडकीमागे पांढऱ्या केसांची एक बाई हात न थांबवता पत्रं खणांत टाकत होती. मी ओळखपत्र पुढे केलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरून खणखणीत, किरट्या आवाजात वाचलं, "राजधानी. सचिवालय रस्ता. नियामक मंडळ. चौकशी अधिकारी." मग माझं नाव वाचलं, तेही असं, जणू ते नसतं तरी चाललं असतं. मला जरा रागच आला.

"वर जा," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे वर, इंजिनिअर. तो दाखवेल सगळं. त्याला त्रास देऊ नका, त्याची बायको गेलीय."

ही अक्का. सगळी इमारत तिला अक्काच म्हणे. वारेबाई तिची भावजय.

वर केंद्रप्रमुखांनी मला स्टुडिओत नेलं. भिंतींना जाड लोकरी नमदा लावलेला होता. तिथे आपण बोललो की शब्द तोंडापुढेच पडतो, परत येत नाही. माइकसमोरच्या खुर्चीच्या पाठीवर करड्या रंगाचा मफलर होता.

"हा वारेबाईंचा? अजून इथेच?" मी विचारलं.

"काढायचा कोणी?" केंद्रप्रमुख दबक्या आवाजात म्हणाले. "आणि ऐका, बाईंना आवडत नाही... म्हणजे आवडत नसे."

प्रसारण झालेलं सगळं जपून ठेवायचा नियम होता. त्यांनी त्या सकाळचं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज घोगरा होता, संथ होता, आणि त्यात एक प्रकारची खात्री होती. घरातलं मोठं माणूस दार लावून घे म्हणतं आणि आपण उठून लावतो, तसं काहीतरी. दाराशी उभी असलेली नवी निवेदिका तोंडावर पदर धरून बाहेर गेली. मलाही मानेवर गार वाटलं, खोटं कशाला सांगू.

मुद्रण संपलं. यंत्राजवळ पाठमोरा बसलेला माणूस वळला. उंच, वाकलेला, दाढी वाढलेली.

"चौकशी कशाला करता, मॅडम?" इंजिनिअर म्हणाले. "ते मी केलं."

२

गुन्हेगार स्वतःहून कबूल झाला की मला आनंद होत नाही. जेवायला बसताक्षणी ताट उचलून नेल्यासारखं वाटतं.

"कसं केलंत?"

"तिच्या जुन्या टेपा होत्या. त्यातली एक लावली. राजधानीची लाइन तोडली आणि लावली."

"का?"

"आठवण आली," ते म्हणाले. "माणसाला आठवण येऊ नये असं कुठल्या कलमात आहे का?"

"आणि नेमका त्याच दिवशी वारा सुटला?"

"योगायोग."

"टेप कुठे आहे?"

"जाळून टाकली."

केंद्रप्रमुख खाली बघत होते. कबुलीजबाब घ्यावा, सही घ्यावी आणि दुपारची गाडी पकडावी, इतकं सोपं झालं होतं सगळं. पण मनात पाल चुकचुकत होती. मी मुद्रण पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तो आवाज. पुन्हा मान गार. आणि मग मला ते ऐकू आलं.

"थांबवा. वाऱ्याचा वेग काय सांगितला त्यांनी?"

"ताशी साठ किलोमीटर," केंद्रप्रमुख म्हणाले.

"या केंद्रावर वारा पूर्वी कशात मोजत होते?"

"नॉटमध्ये. दर्यावर्दी माणसं ती. किलोमीटर तुमच्या मंडळानं आणले, या..." ते थबकले.

"या उन्हाळ्यात," मी म्हटलं. "आणि वारेबाई हिवाळ्यात गेल्या. इंजिनिअर, तुमच्या बायकोनं जन्मात कधी माइकवर किलोमीटर हा शब्द उच्चारला होता का?"

इंजिनिअरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी यंत्राच्या कडेला हात टेकला.

"टेप नव्हतीच," मी म्हटलं. "त्या सकाळी ती बाई इथे, या खुर्चीत बसून बोलली."

नमद्याच्या भिंतींनी ते वाक्य गिळून टाकलं. 

३

मी इंजिनिअरांना त्यांच्या खोलीत बसवलं आणि बाकीच्यांना एकेक करून बोलावलं.

केंद्रप्रमुखांना कारण भरपूर होतं. केंद्र बंद व्हायच्या यादीत होतं, आणि त्या सकाळनंतर होडीवाल्यांनी सांगून टाकलं होतं की वारेबाईंच्या केंद्राला हात लावाल तर याद राखा. असा चमत्कार त्यांना सोन्याहून पिवळा.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"न्हाव्याकडे," ते ओशाळून म्हणाले. "दुकानातला रेडिओ ऐकला आणि तसाच धावत आलो. एका गालाला साबण होता. रस्त्यावरचं कोणीही सांगेल, अजून हसतात मला."

"वारेबाईंचा आवाज कोणाला काढता येतो?"

"छे! तो आवाज म्हणजे... आधी साधा होता हो, गोड. मग मोठं आजारपण आलं, त्या रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा आवाज खाली उतरला होता. आम्ही घाबरलो, लोक काय म्हणतील. पण लोकांना तोच जास्त आवडला. म्हणाले, आता बाईंच्या आवाजाला वजन आलं."

नव्या निवेदिकेला कारण वेगळं होतं. शिकून-सवरून आली, तोवर काम उरलं नव्हतं. दिवसभरात ती फक्त 'आता राजधानीहून' एवढंच म्हणत असे. मी तिला वारेबाईंसारखं बोलून दाखवायला सांगितलं. तिनं मनापासून प्रयत्न केला. शाळेतल्या मुलीनं बाईंची नक्कल करावी तसं झालं, आणि मग ती रडायला लागली.

"मला भीती वाटते, मॅडम. मी दुसरीकडे नोकरी बघतेय."

"कशाची भीती? नीट सांग."

"त्या सकाळी साहेबांनी मला गच्चीवरची तार बघायला पाठवलं. तारेला काही झालं नव्हतं. परत आले तर रेडिओवर राजधानी सुरू झाली होती आणि साहेब यंत्रापाशी उभे होते. एकटेच. गच्चीची शिडी चढून-उतरून दमले होते, म्हणून मी मटकन खुर्चीत बसले. बाईंच्या खुर्चीत." तिनं तिकडे बोट केलं. "मॅडम, खुर्ची गरम होती."

"साहेब बसले असतील."

"साहेब त्या खुर्चीत कधी बसत नाहीत. बाई गेल्यापासून कोणीच बसत नाही."

मी तिला पाणी दिलं आणि विषय बदलला. वारेबाई स्वभावानं कशा होत्या?

"शेवटची काही वर्षं त्या आमच्याशी बोलतच नसत. गळ्याला मफलर आणि हातानं खुणा. साहेब सांगायचे, ती आवाज माइकसाठी जपतेय. हवामान वाचायच्या वेळी आत फक्त ते दोघं, आणि दार बंद. अक्का तेवढ्या हवामानाचा कागद घेऊन वर यायच्या. तो पोस्टाच्या थैलीतून येतो ना, वेधशाळेतून."

"येतो? अजून?"

"रोज. वेधशाळेचे मास्तर हट्टी आहेत. म्हणतात, पाठवणं बंद करा असा हुकूम मला अजून मिळालेला नाही. पण आता तो वाचतंय कोण?"

ती गेली. मी स्टुडिओत एकटीच उरले आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या मफलरकडे जाऊ लागलं. शेवटी मी धीर करून त्याला हात लावला. लोकरीला अजून औषधाचा वास होता. घशाला लावायच्या औषधाचा.

४

मग मी कानांवर यंत्र चढवून वारेबाईंच्या आयुष्यातली हवामानं ऐकत बसले. मेलेल्या माणसाच्या आवाजात दिवस काढणं बरं नसतं. थोड्या वेळानं ती बाई आपल्याशीच बोलतेय असं वाटू लागतं. खिडकीबाहेर ऊन होतं आणि कानात वादळं चालू होती. एकदा तर मी वळून मागे पाहिलं.

आधीचा गोड आवाज. नंतरचा घोगरा. आजारपणानं आवाज बसतो, हे मलाही पटत होतं. पण दुसरंही काहीतरी बदललं होतं, आणि ते मला कळायला दुपार उलटावी लागली. गोड आवाजाची बाई वाचायची: उत्तर टोक, दीपगृह, बंदर, काळे खडक, खाडी. घोगऱ्या आवाजाची बाई वाचायची: खाडी, काळे खडक, बंदर, दीपगृह, उत्तर टोक. रोज न चुकता, आजारपणानंतरच्या पहिल्या दिवसापासून. आणि मृत्यूनंतरच्या त्या सकाळीही खाडी आधी.

मी वेधशाळेच्या मास्तरांना फोन लावला.

"तुमच्या कागदावर ठिकाणांचा क्रम कधी बदललात का?"

"मी?" मास्तर दुखावले. "माझ्या गुरूंनी उत्तर टोक वर लिहिलं, मीही वरच लिहितो. खाडी शेवटी. बदलायला काय झालं?"

"परवाच्या वादळाचं तुम्हाला आधी कळलं होतं?"

"पहाटेच. दाब धाडकन उतरला. राजधानीला फोन केला तर म्हणाले, आजचं हवामानपत्र कालच मंजूर झालंय. त्यांचा वाराही मंजुरी घेऊन सुटत असेल."

म्हणजे कागद तोच होता आणि कोणीतरी तो खालून वर वाचत होतं. आजारी पडल्यावर माणसाचा घसा बदलेल, पण कागद वाचायची रीत कशाला बदलेल? आणि या जगात कागद शेवटच्या ओळीपासून कोण वाचतं?

खालून शिक्के मारल्याचा ठकठक आवाज येत होता. मी जागची उठले.

पत्त्यात गाव असतं शेवटच्या ओळीत. पत्रांची वाटणी करणारा माणूस आधी गाव बघतो, मग रस्ता, मग घर. नाव त्याच्या कामाचं नसतं, ते पोस्टमन बघून घेतो. जन्मभर असं वाचलं की डोळे आपोआप कागदाच्या तळाशी जातात, मग समोर हवामान असो की एखाद्या अधिकाऱ्याचं ओळखपत्र. राजधानी, सचिवालय रस्ता, नियामक मंडळ. आणि माझं बिचारं नाव सगळ्यांच्या मागे.

अर्धवट भिंतीच्या कडेनं अंग चोरत मी खाली उतरले. खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. अक्का एकट्याच थैल्यांची तोंडं बांधत होत्या.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही कागद खालून वर वाचता."

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं तोंड उघडलं आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाईच्या गळ्यातून, माझ्यापासून हातभर अंतरावरून, वारेबाई बोलल्या.

"कळलं तर तुम्हाला."

मी खरंच एक पाऊल मागे सरकले.

५

"भावजयीचा घसा गेला," अक्का पुन्हा आपल्या किरट्या आवाजात सांगू लागल्या. आम्ही थैल्यांवर बसलो होतो. "शस्त्रक्रियेनंतर शब्दच फुटेना. तिनं पाटीवर लिहून दाखवलं, वन्सं, एकच सकाळ वाचा, मग मी बरी होईन. मी वाचलं. ती बरी झालीच नाही."

"खात्याला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? पोस्टातल्या बाईनं माइकला हात लावायचा नाही, हा तेव्हाही नियम होता. तिला घरी बसवलं असतं आणि दुसरी कोणी येईपर्यंत होड्यांनी काय करायचं होतं? आणि ती जगायची कशावर, मॅडम? माणसं रस्त्यात तिचे हात धरायची. ती मफलर गुंडाळून हसायची. तेवढ्यासाठी ती सकाळी उठायची. मी ते हिसकावून घेऊ?"

"आणि तुम्ही?"

अक्कांनी जवळच्या थैलीची दोरी सोडून पुन्हा बांधली.

"तिला पोचवायला मी गेले होते," त्या म्हणाल्या. "सगळं बंदर रडत होतं. म्हणत होते, आता तो आवाज पुन्हा कानावर पडायचा नाही. मी त्यांच्यातच उभी होते. तो आवाज माझ्या घशात होता. एका बाईनं मला हलवून विचारलं, अक्का, तुम्हाला कसं हो रडू येत नाही? मला ओरडावंसं वाटलं, अगं, मी आहे, मी गेले नाही. पण त्या दिवशी खरंच मीच गेले की काय, असं अजून वाटतं. घरात कोणी नसताना मी त्या आवाजात बोलून बघते, आणि मलाच भीती वाटते."

 या इमारतीत खरंच एक भूत होतं आणि ते वेळेवर कामाला येऊन पत्रं वाटत होतं.

"भाऊ माझ्यासाठी तुरुंगात जाईल," अक्का म्हणाल्या. "त्याला सोडा. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा."

"कायद्यात एक कलम आहे," मी म्हटलं. "जीव धोक्यात असेल तर बाहेरचा माणूसही माइकवरून सूचना देऊ शकतो. अट एकच. स्वतःचं खरं नाव सांगायचं. तुम्ही त्या सकाळी मेलेल्या बाईच्या नावानं बोललात, म्हणून अडचण झाली. तुमचं नाव घेतलं असतंत तर मी इथे आलेच नसते."

"माझं नाव?" अक्का हसल्या. ते हसू लहान मुलीसारखं होतं. "ते कोणाला माहीत आहे इथे? सगळे अक्काच म्हणतात." मग त्यांनी हळूच विचारलं, "रेडिओवर? माझ्या नावानं?"

"एकदा तसं बोलून दाखवा. मग मागचंही त्याच कलमात बसवता येईल. भाऊ सुटेल आणि यापुढे तुम्हाला लपायला नको."

त्यांनी मला त्यांचं नाव सांगितलं. सुंदर नाव होतं. मी अहवालाच्या मसुद्यात ते सगळ्यात वर लिहिलं आणि त्यांना दाखवलं. या खेपेला त्यांनी कागद वरून वाचला.

मला वाटलं, प्रकरण मिटलं.

६

त्यानंतरच्या सकाळी मी निघायच्या तयारीत होते. स्थानिक माइकच्या कळीला मी लाखेचं सील ठोकलं होतं, तेवढं शेवटचं तपासायला वर गेले. इंजिनिअर खिडकीशी उभे होते. राजधानीचा निवेदक सांगत होता, समुद्र शांत, वारा मंद. खाली समुद्र खरोखरच तेलासारखा गुळगुळीत होता आणि होड्या बंदराचं तोंड ओलांडून बाहेर चालल्या होत्या.

जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. अक्कांच्या हातात वेधशाळेचा कागद होता.

"मास्तरांनी तांबडी रेघ ओढलीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "परवापेक्षा वाईट."

इंजिनिअरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सील तोडलं. माझ्याच हाताचं होतं, त्याची परवानगी कोणाला विचारायची?

"नाव सांगा," मी म्हटलं. "विसरू नका, स्वतःचं नाव."

अक्का खुर्चीत बसल्या. तांबडा दिवा लागला. त्यांनी आपलं नाव घेतलं आणि त्यांचा आवाज फाटला. तो घोगरा, भरदार आवाज कुठे गेला कोण जाणे. किरटी, घाबरलेली एक बाई कापत कापत सांगत होती की वारा येतोय, कृपा करून परत फिरा. स्वतःच्या नावाखाली त्यांना तो आवाज सापडेना. मी दारातून हातानं सांगत होते, हळू, शांतपणे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

होड्या पुढेच जात होत्या.

दाराबाहेरचा फोन वाजला. बंदराच्या कचेरीतला कारकून होता. "कोण बाई आहे ही? मोठ्या होड्या वायरलेसवर हसतायत. म्हणतायत, राजधानी शांत म्हणते, ही कोण वेडी? आम्ही सांगितलं तरी ऐकत नाहीत. आणि लहान होड्यांवर तर नुसता रेडिओ. आमच्या वारेबाई परवा बोलल्या होत्या, त्या आज का नाही बोलत?"

मी फोन हातात धरून उभी राहिले. अक्कांनी आतून माझा चेहरा वाचला. खिडकीबाहेर उत्तरेकडे आभाळाची कड काळी झाली होती.

त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, नकारार्थी. मला कळलं त्या काय करणार आहेत, आणि मी त्यांना थांबवलं नाही. मी इंजिनिअरांना दिवा चालूच ठेवायची खूण केली.

"वारेबाई बोलतेय," अक्का म्हणाल्या.

तोच आवाज. संथ, घोगरा, खात्रीचा. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. समोर बसलेली जिवंत बाई मला दिसत होती, तिच्या गालावर ओघळलेलं पाणी दिसत होतं, तरी बोलत होती ती मेलेली.

"खाडीवर वारा चढतोय. काळ्या खडकांवर चढतोय. बंदरातून निघालेल्यांनी आत्ता, याच क्षणी, तोंड फिरवा. मी सांगतेय."

सगळ्यात पुढची होडी आधी वळली. मग एकेक करून साऱ्या. शेवटची होडी धक्क्याला लागली तेव्हा वाऱ्यानं खिडकीची काच फोडली.

दुपारी, बाहेर वारा घोंगावत असताना, अक्का माझ्यापाशी आल्या.

"अहवालातलं माझं नाव खोडा."

"अक्का, नाव खोडलं तर कलम लागू होणार नाही. तुम्हाला कायमचं लपावं लागेल."

"त्यांना कळलं की वारेबाई म्हणजे पोस्टातली अक्का, तर पुढच्या वेळी कोणी होडी वळवणार नाही. तुम्ही पाहिलंत ना सकाळी? माझं कोणी ऐकत नाही, मॅडम. तिचं ऐकतात."

मला त्यांचं म्हणणं खोडून काढायचं होतं. त्याऐवजी मी ते नाव खोडलं, अगदी वाचता येणार नाही असं. अहवालात लिहिलं की इंजिनिअरांचा कबुलीजबाब दुःखाच्या भरात दिलेला आणि पुराव्याशी विसंगत आहे. आवाज कोणाचा हे ठरवता आलं नाही. आणि त्याचा माग लागेपर्यंत केंद्र बंद करणं चौकशीच्या दृष्टीनं योग्य नाही. मंडळाची चौकशी कशी चालते हे मला माहीत होतं. ती माझ्या आणि अक्कांच्या हयातीत संपणार नव्हती.

निघताना मी खाली पोस्टात थांबले. वारा उतरला होता. खिडकीपाशी एका होडीवाल्याची बायको उभी होती, कडेवर मूल, डोळे रडून सुजलेले पण तोंडभर हसू.

"ऐकलंत का हो अक्का?" ती म्हणाली. "आधी कोणीतरी भलतीच बाई बडबडत होती, कोण कुठली. आमचे हे म्हणतात, आम्ही लक्षच दिलं नाही. आणि मग आमच्या बाई आल्या. मेल्यावरही विसरल्या नाहीत हो आम्हाला. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," अक्का म्हणाल्या, आणि तिच्या हातातलं पार्सल वजनाला ठेवलं.